मगर दिसलीच कुठे, तरी घाम फुटला

प्रश्न: परवा रात्री 'ब्लॅक वॉटर' हा २००७चा ऑस्ट्रेलियन सिनेमा बघितला. होडी उलटते, तिघंजण झाडावर अडकतात आणि खाली पाण्यात मगर, बस एवढीच स्टोरी. मगर दिसते थोडीशीच, पण माझी पार वाट लागली. उलट ढीगभर ग्राफिक्सवाले मोठे सिनेमे बघताना काहीच वाटत नाही. असं का?

उत्तर: कारण मोठ्या सिनेमातली मगर सारखी काहीतरी करत असते, उड्या काय मारते, डरकाळ्या काय फोडते, आणि खरी मगर बहुतेक वेळ काहीच करत नाही. नुसते डोळे आणि नाकपुड्या वर, नाहीतर तेही नाही, कारण ती तासाभरापर्यंत पाण्याखाली दम धरून राहू शकते. म्हणजे शांत पाणी दिसलं की ती गेली असं म्हणताच येत नाही, आणि तुम्ही घाबरलात ते त्या शांत पाण्याला. या सिनेमात खऱ्या मगरींचं शूटिंग वेगळं करून कलाकारांच्या सीनमध्ये जोडलंय, त्यामुळे ती दिसते तेव्हा तिचं वजन जाणवतं, पाणी तिच्या अंगावरून खरंखुरं ओघळतं.

पैसे नसले की डायरेक्टरला प्राणी झाकावा लागतो आणि मला वाटतं तिथेच चांगला डायरेक्टर कळतो. १९७५चा 'जॉज' काही लो बजेट नव्हता, पण त्यातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, मग डायरेक्टर स्पीलबर्गने शार्कऐवजी त्याला दोरीने अडकवलेली, पाण्यावर पळणारी पिवळी पिंपं दाखवली आणि लोक त्या पिंपांना घाबरले!

अर्थात बजेट कमी म्हणजे सिनेमा भारी असं अजिबात नाही. रबरी जबडा भर उजेडात पुन्हापुन्हा दाखवला की भीती संपलीच, आणि असे सिनेमे खूप आहेत.

तुम्ही आता २००३चा 'ओपन वॉटर' बघा. डायव्हिंगला गेलेलं जोडपं, बोट त्यांना विसरून निघून जाते, आणि आजूबाजूचे शार्क खरे आहेत, कलाकारांनी सूटच्या आत धातूच्या जाळीचं चिलखत घातलं होतं. हेडफोन लावून बघा, पाण्याची ती चुळुकचुळुक नीट ऐकू आली पाहिजे.