‘इथे’ म्हणजे नेमके कुठे? कॅनडाचे साहित्य आणि ओळखीचा प्रश्न

आपण विचारले आहे की, कॅनडाच्या साहित्यातील प्रमुख आशयसूत्रे कोणती, त्यांतून ‘कॅनेडियन’ म्हणावी अशी एखादी सांस्कृतिक ओळख दिसते का, आणि रोहिंटन मिस्त्री यांच्यासारख्या बाहेरून गेलेल्या लेखकांना त्या साहित्यात धरावे की नाही. मी बरीच वर्षे पदव्युत्तर वर्गाला राष्ट्रकुल साहित्य शिकवतो. निसर्गाशी झुंज, एकाकीपणा, इंग्रजी-फ्रेंच दुही, बहुसांस्कृतिकता अशी यादी बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत मिळते आणि परीक्षेपुरती ती पुरतेही. मला स्वतःला मात्र हा विषय मिस्त्रींच्याच एका कथेने उलगडला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मिस्त्री १९५२ साली मुंबईत जन्मले, १९७५ साली कॅनडाला गेले आणि टोरोंटोत बँकेत नोकरी करता करता लिहू लागले. ‘टेल्स फ्रॉम फिरोजशा बाग’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९८७ सालचा. त्यात ‘स्क्वॉटर’ नावाची कथा आहे. कथेतील सरोश टोरोंटोला निघताना आईला वचन देतो की, बरोबर दहा वर्षांत आपण पूर्णपणे कॅनेडियन झालो नाही, तर परत येऊ. तिथे त्याचा ‘सिड’ होतो आणि बाकी सगळे हळूहळू अंगवळणी पडते. पण कमोडवर बसून त्याचे पोट काही साफ होत नाही. दहा वर्षे रोज प्रयत्न करूनही त्याला शेवटी वर चढून उकिडवेच बसावे लागते. सार्वजनिक स्वच्छतागृहात दाराखालच्या फटीतून पाय दिसले नाहीत की, आत कोणी परदेशी चढून बसला आहे हे बाहेर उभ्या असलेल्याला कळते, आणि त्याचा तिटकारा दार ओलांडून आत येतो असे सरोशला जाणवत राहते. उपाय सुचवणाऱ्या डॉक्टरचे नावच मिस्त्रींनी ‘नो-इलाज’ असे ठेवले आहे. अखेर मुदत संपते, सरोश परतीच्या विमानात चढतो, आणि विमान हलू लागते त्याच घटकेला त्याला पहिल्यांदा बसून साधते.

ही कथा शिकवताना वर्ग खदखदून हसतो. एकदा ते हसणे ओसरल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, संग्रहातल्या बहुतेक गोष्टी मुंबईतल्या एका पारशी वसाहतीत घडतात, ही गोष्टसुद्धा तिथलाच एक म्हातारा मुलांना सांगतो आहे, मग यात कॅनडा कुठे आहे?” तिला कल्पना नसावी, पण ‘कुठे’ हा कॅनडाच्या समीक्षेतला सर्वांत प्रसिद्ध शब्द आहे. नॉर्थ्रप फ्राय या समीक्षकाने १९६५ साली कॅनडाच्या वाङ्मयेतिहासाला जोडलेल्या समारोपात असे मत मांडले की, कॅनेडियन मनाला ‘मी कोण’ या प्रश्नापेक्षा ‘इथे म्हणजे कुठे’ हे कोडे अधिक छळते. त्याच लेखात त्याने ‘गढीची मनोवृत्ती’ ही कल्पना वापरली: अफाट, उदासीन प्रदेशात तटबंदी उभारून राहणारा छोटा समाज, ज्याला बाहेरच्या रानाचे भय असते आणि त्याहून मोठे भय असते ते आतल्या एखाद्याने वेगळा विचार करण्याचे.

या वृत्तीचे मूळ उदाहरण म्हणून सुझॅना मूडी यांच्याकडे बोट दाखवले जाते. १८३२ साली इंग्लंडहून आलेल्या या सुशिक्षित बाईंनी आजच्या ऑन्टॅरिओतील जंगलात हालअपेष्टांची काही वर्षे काढली आणि १८५२ साली ‘रफिंग इट इन द बुश’ हे पुस्तक लिहिले, ते आपल्यासारख्या घरंदाज कुटुंबांनी या फंदात पडू नये म्हणून. तरीही पुस्तकात मधूनच त्या रानाचे असे वर्णन येते की, लेखिका त्याच्या प्रेमात पडलेली आहे हे लपत नाही. हे दुभंगलेपण कॅनडाच्या कवयित्री-कादंबरीकार मार्गारेट ॲटवुड यांनी बरोबर हेरले. १९७० साली त्यांनी मूडी यांच्या तोंडी एक अख्खी कवितामाला घातली आणि तिच्या शेवटच्या कवितेत, मृत्यूनंतर कित्येक दशकांनी, ही म्हातारी टोरोंटोच्या सेंट क्लेअर रस्त्यावरच्या बसमध्ये बसलेली दाखवली. काँक्रीटच्या शहराखाली अजून रानच आहे, असे ती जणू सुचवते. दोन वर्षांनी आलेल्या ‘सर्व्हायव्हल’ या समीक्षाग्रंथात त्यांनी आपला सिद्धान्त मांडला: अमेरिकेचे मध्यवर्ती प्रतीक सरहद्द, इंग्लंडचे बेट, तर कॅनडाचे तगून राहणे. हा ग्रंथ वाचनीय आहे, पण माझ्या मते तो गरजेपेक्षा जास्त नेटका आहे. त्यामुळेच विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत तो जसाच्या तसा उतरतो.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते ॲटवुड यांनी त्या मूडी-कवितांच्या शेवटी जोडलेल्या लेखात केलेले एक विधान. या भूमीवर आपण सगळेच आगंतुक आहोत, इथेच जन्मलो असलो तरीही, असा त्याचा आशय आहे. गोऱ्या वाचकाला ते नम्रतेचे वाटले असेल. पण ज्यांचे पूर्वज हजारो वर्षे तिथेच राहत होते, त्यांनी या ‘आपण’मध्ये स्वतःला कुठे बसवायचे?

याचे उत्तर तीनच वर्षांनी, १९७३ साली, मारिया कॅम्पबेल यांच्या ‘हाफब्रीड’ या आत्मकथनातून मिळाले. कॅम्पबेल सॅस्कॅचवानमधील मेटी समाजाच्या आहेत. आदिवासी आणि युरोपीय अशा दोन्ही वंशांतून घडलेला हा स्वतंत्र समाज आहे. १८८५ साली या समाजाचा उठाव मोडून काढण्यात आला आणि त्यांचे नेते लुई रिएल यांना रेजायनात फाशी देण्यात आली. पुढे जमिनी वसाहतकऱ्यांना मिळाल्या आणि मेटी कुटुंबे, रस्त्यांसाठी मोजून राखून ठेवलेल्या सरकारी पट्ट्यांवर खोपटी बांधून राहू लागली. शाळेत त्यांच्या मुलांना ‘रस्त्याकडेचे लोक’ म्हणून हिणवत. कॅम्पबेल यांनी शाळेतल्या जेवणाच्या सुट्टीचे वर्णन केले आहे: गोऱ्या मुलांच्या डब्यात पांढरा पाव आणि उकडलेली अंडी, तर यांच्या डब्यात चरबी लावलेली बॅनॉक नावाची जाड भाकरी आणि शिकारीचे मांस. त्या डब्याची लाज हळूहळू आईबापांच्या लाजेत कशी बदलते, हे त्यांनी थोड्या पानांत, आवाज न चढवता सांगितले आहे. दलित आत्मकथने वाचलेल्या मराठी वाचकाला ही पाने फार परकी वाटणार नाहीत.

आता ‘स्क्वॉटर’ या शब्दाकडे परत येतो. इंग्रजीत त्याचा एक अर्थ उकिडवा बसणारा आणि दुसरा, हक्क नसलेल्या जागेवर ठाण मांडून राहणारा. मिस्त्रींनी दोन्ही अर्थ खेळवले आहेत; सरोश दोन्ही अर्थांनी स्क्वॉटर आहे. कॅम्पबेल यांच्या पुस्तकात हाच शब्द मेटी लोकांना लावला जातो, म्हणजे ज्यांची जमीन होती तेच अतिक्रमण करणारे ठरतात. या दोन पुस्तकांत चौदा वर्षांचे आणि सगळ्याच बाबतींत अंतर आहे, तरी दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: ‘इथे’ कोणाचे, आणि ते ठरवतो कोण? कॅनडाच्या साहित्यातले एकच सूत्र सांगा, असा कोणी आग्रह धरला, तर मी हा प्रश्न सांगेन. निवासी शाळांवरील लेखन याच प्रश्नाची सर्वांत क्रूर बाजू आहे. आदिवासी मुलांना घरापासून तोडून त्यांची भाषा पुसण्यासाठी चालवलेल्या या शाळांतील शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. रिचर्ड वॅगमीस यांची ‘इंडियन हॉर्स’ (२०१२) ही कादंबरी त्यासाठी वाचावी. तिच्यातल्या ओजिब्वे या आदिवासी समाजातील मुलाला बर्फावरच्या हॉकीत, म्हणजे खुद्द कॅनडाच्या लाडक्या खेळात, आसरा सापडतो आणि तिथेही त्याला उपरा ठरवले जाते.

क्विबेक या फ्रेंचभाषक प्रांताचा विषय स्वतंत्र उत्तराचा आहे, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ह्यू मॅक्लेनन यांच्या १९४५ सालच्या ‘टू सॉलिट्यूड्स’ या कादंबरीचे नाव इंग्रज आणि फ्रेंच समाजांतील दुराव्याचे परवलीचे नाव होऊन बसले. वास्तविक हे शब्द कवी रिल्केचे आहेत आणि त्याने ते प्रेमाची व्याख्या करताना वापरले होते. फ्रेंच बाजूने खरा धक्का दिला तो १९६८ साली मिशेल त्रांब्ले यांच्या ‘ले बेल-सर’ या नाटकाने. एका कामगारवस्तीतील बाईला बक्षिसात दहा लाख कूपने मिळतात (वहीत चिकटवून त्यांच्या बदल्यात वस्तू मिळत), ती चिकटवायला बाई बहिणी-शेजारणींना बोलावते आणि त्या गप्पा मारता मारता ती पळवतात, एवढेच कथानक. खळबळ झाली ती भाषेवरून. पात्रे माँट्रियलच्या कष्टकरी वस्तीतली बोली, ‘जुआल’, बोलतात. फ्रेंचमधल्या ‘घोडा’ या शब्दाच्या तिथल्या उच्चारावरून बोलीला हे नाव पडले. शुद्ध फ्रेंचचा अभिमान बाळगणाऱ्यांना ही बोली रंगमंचावर आलेली सोसवेना. प्रमाणभाषा आणि बोली यांचा वाद आपल्याला काही नवा नाही. पण तिथे हा वाद करणारा समाज इंग्रजीच्या महासागरात आपली भाषा टिकवायला धडपडत होता, त्यामुळे ‘आपली भाषा’ म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न दुप्पट झोंबला.

१९७१ साली पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण म्हणून जाहीर केले आणि १९८८ साली त्याचा कायदा झाला. स्थलांतरितांच्या लेखनाला त्यामुळे बळ मिळाले हे खरे, परंतु त्यातील चांगले लेखन या धोरणाचे गोडवे गाणारे नाही. जॉय कोगावा यांच्या ‘ओबासान’ (१९८१) या कादंबरीत दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या कॅनेडियनांना पश्चिम किनाऱ्यावरून उठवून छावण्यांत धाडल्याची हकीकत आहे. यातले बहुसंख्य लोक कॅनडाचेच नागरिक होते. मायकेल ओंडात्जे यांची ‘इन द स्किन ऑफ अ लायन’ (१९८७) ही कादंबरी टोरोंटोचा ब्लूअर स्ट्रीट पूल ज्यांनी बांधला, त्या मॅसिडोनियन आणि इतर मजुरांकडे वळते. तिचा नायक पॅट्रिक हा जन्माने कॅनेडियन आहे, तरी या वस्तीत परका तोच. पाळलेल्या इग्वानासाठी पाला आणायला तो रोज एका मॅसिडोनियन दुकानात जातो; ‘सरडा’ या अर्थाचा त्यांच्या भाषेतला शब्द ‘गुश्तर’ त्याला गवसतो आणि त्या एका शब्दावर सगळी गल्ली त्याला आपला मानते. आगंतुकाने यजमानाची भाषा शिकायची, हा नेहमीचा क्रम ओंडात्जे यांनी इथे उलटा केला आहे.

मिस्त्री कॅनेडियन की नाही, याचे उत्तर त्यांनीच त्याच संग्रहातल्या ‘स्विमिंग लेसन्स’ या शेवटच्या कथेत लिहून ठेवले आहे. टोरोंटोतल्या मुलाने पाठवलेले कथांचे पुस्तक मुंबईत आईवडील वाचतात. सगळ्या गोष्टी मुंबईच्या आहेत, म्हणजे पोरगा तिथे दुःखी असणार, अशी आईची काळजी. वडील म्हणतात की, लेखकाला अंतर लागते. तिकडच्या लोकांना वेगळेपण आवडते, म्हणून तो नावारूपाला येईल. धोका इतकाच की, तो त्यांच्यासारखा इतका होऊन जाईल की, त्यांच्यासारखेच लिहू लागेल. म्हणजे एकीकडे पूर्ण कॅनेडियन व्हायचे वचन देणारा सरोश, आणि दुसरीकडे तसे होऊ नये म्हणून घोर लागलेले वडील. माझ्या मते हा पेच मांडणारे लेखन कॅनेडियन नसेल, तर मूडी यांचेही नाही. मिस्त्रींच्या ‘सच अ लाँग जर्नी’ या मुंबईवरच्या कादंबरीला १९९१ साली कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. २०१० साली शिवसेनेच्या विद्यार्थी शाखेच्या विरोधानंतर मुंबई विद्यापीठाने तीच कादंबरी अभ्यासक्रमातून काढली. ती कोणाची, हे ठरवण्याचा आपला अधिकार आपणच थोडा गमावला, असे मला तेव्हा वाटले होते.

वाचनाची सुरुवात फिरोजशा बागेच्या कथांपासून करावी, त्यानंतर लगेच ‘हाफब्रीड’ घ्यावे. फक्त एक काळजी घ्या. चौदाव्या वर्षी एका पोलिसाने आपल्यावर केलेल्या बलात्काराविषयी कॅम्पबेल यांनी लिहिलेली पाने मूळ प्रकाशकाने त्यांच्या संमतीशिवाय वगळली होती. ती पाने २०१८ साली प्रकाशकाच्या जुन्या कागदपत्रांत सापडली आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत छापली गेली. ग्रंथालयांत अजून जुनीच प्रत असते. आपण २०१९ ची मागून घ्या.