बारावी आर्ट्स, नाटकाचं वेड आणि बाबांचं टेन्शन

सांगलीजवळच्या एका गावातून बारावी आर्ट्सच्या मुलीने लिहिलंय. थोडक्यात असं की मराठी म्हणजे प्रश्नोत्तरं पाठ करणं एवढंच तिला माहीत होतं, पण नववीत बाईंनी पुस्तकातला नाट्यउतारा बाकं सरकवून उभ्याने वाचायला लावला आणि तेव्हा तिला कळलं की एकच 'हो' चार प्रकारे म्हणता येतं आणि दरवेळी अर्थ बदलतो. आता तिला साहित्य आणि नाटकच शिकायचंय. बाबा म्हणतात, मराठी घेऊन मास्तरीण होणार का, जागा तरी निघतात का?

अगं, ते 'हो'चं तू जे लिहिलंयस ना ते वाचून मला फार आनंद झाला, कारण डबिंगची स्क्रिप्ट लिहिणारा माणूस दिवसभर नेमकं हेच करत बसलेला असतो. हिंदी किंवा इंग्रजी वाक्य मराठीत आणायचं, अर्थ तोच ठेवायचा, पण पात्राचे ओठ जेवढा वेळ हलतात तेवढ्यातच ते संपलं पाहिजे आणि आपल्या माणसाच्या तोंडचं वाटलंही पाहिजे. ज्याने संवाद मोठ्याने वाचलेत त्यालाच हे जमतं. फक्त त्यासाठी दुसरी भाषा तेवढीच पक्की लागते, म्हणून इंग्रजीचा कंटाळा करू नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगतीये.

बाबांची काळजी खोटी नाहीये. शिक्षक भरतीची वाट बघत वर्षं घालवलेली मुलं माझ्याकडे येतात. मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला, मलाही अभिमान आहे, पण त्याने लगेच नोकऱ्या निघतील असं मी तुला सांगणार नाही.

पण घरात भांडण चाललंय ते आत्ता करायची गरजच नाहीये! दिल्लीच्या एनएसडीला, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, जायचं म्हटलं तरी आधी ग्रॅज्युएशन लागतं आणि नाटकात काम केल्याचा अनुभव लागतो, मुंबई विद्यापीठाचा नाट्यशास्त्राचा एमएसुद्धा पदवीनंतरचाच. म्हणजे पुढची तीन-चार वर्षं बीए करायचंच आहे, मग ते मराठी घेऊन कर आणि कॉलेज निवडताना तिथे एकांकिका बसवतात का हे आधी विचार. पुण्याला पाठवायची घरची तयारी असेल तर विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर थेट नाटकात बीए करता येतं, आणि 1963 पासून चालू असलेली पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धाही पुण्याचीच.

बाबांना आणखी एक सांग, यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, 500 मार्कांचा, आणि पेपर मराठीतच लिहायचा असतो. शब्द कुठून आला, गावागावात बोली का बदलते असे प्रश्न तुला पडत असतील तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचा एमए आहे, तिकडे फार कमी मुलांचं लक्ष जातं.

आणि विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' हे पहिलं मानलं जाणारं मराठी नाटक केलं ते तुमच्या सांगलीतच, हे बाबांना माहीत असेलच, तरी जेवताना विषय काढून बघ.

बोर्डाची परीक्षा झाली की कुठलाही एक प्रसंग बोलीत लिहून काढ, दोन पानं पुरेत, घरच्यांसमोर मोठ्याने वाच आणि जिथे अडखळशील तिथे खूण कर. ती पानं मला पाठव.