वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं : भाषा शिकायला सोबत कुठून आणायची?

प्रश्न : ताई नमस्कार, मी मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. आमच्याकडे अथणी, रायबाग, कुडची, जमखंडीकडचे पेशंट रोज येतात. तरणी पोरं हिंदी-मराठी बोलतात पण म्हाताऱ्या बायकांना फक्त कन्नड येतं आणि दुखतंय कुठं हे सांगता येत नाही म्हणून त्या रडकुंडीला येतात, मलाच वाईट वाटतं. अ‍ॅप घेतलं, व्हिडिओ बघितले, चार दिवस चालतं मग ड्युटी बदलली की सुटतं. एकटीनं होत नाहीये. काय करू?
— एक सिस्टर, मिरज

उत्तर : सिस्टर, तुमचं सुटतंय कारण आज शिकलं नाही म्हणून विचारणारं कोणी नाहीये, बाकी काही नाही. तुमच्याच वॉर्डात हीच अडचण असलेल्या अजून दोघीतिघी नक्की असतील, आधी त्यांना गाठा. मोठा ग्रुप नको, चारजणी बास. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं, चहाच्या वेळेला, तेवढंच, पण रोज. ज्या दिवशी एक जण नसेल त्या दिवशी बाकीच्यांनी बसायचंच, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

पण चौघी नवशिक्या एकत्र बसल्या की एकमेकींच्या चुका पाठ होतात, हेही तितकंच खरं. त्यामुळं जिच्या घरी कन्नड बोलतात अशी एक तरी मधे पाहिजे. मिरजेत असं माणूस शोधायला लांब जायला नको, तुमच्या मावशी, वॉर्डबॉय, कँटीनवाले, किंवा जतकडचं कोणीतरी असेलच, जत तालुक्यात तर झेडपीच्या कन्नड शाळा आहेत. आणि मुख्य म्हणजे पुस्तकात, अ‍ॅपवर शिकवतात ते बहुतेक बेंगळूर-म्हैसूरकडचं कन्नड. तिथं तुम्ही 'आहे' ला 'इदे' शिकाल आणि अथणीची आजी म्हणेल 'ऐति', मग तुम्हाला वाटणार आपलं सगळं चुकलं. चुकलेलं नसतं हो, बोली वेगळी आहे. म्हणून ऐकायचं ते आपल्या भागातल्या माणसाकडूनच.

सुरुवात व्याकरणानं करूच नका. तुम्हाला रोज लागणारी वीस वाक्यं काढा. 'एल्लि नोवु?' म्हणजे कुठं दुखतंय, 'ऊटा आतेन्री?' म्हणजे जेवण झालं का, 'निधान माताडरी' म्हणजे हळू बोला. हे तिसरं सगळ्यात आधी पाठ करा, कारण तुम्ही एक वाक्य कन्नड बोललात की आजी दहा वाक्यं बोलणार. वाक्य जुळवायला फार जड जाणार नाही, कारण क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. कान मात्र तयार करावा लागेल. कन्नडमध्ये ए आणि ओ आखूड वेगळे आणि लांब वेगळे असतात, आपल्याला तो फरक पटकन ऐकूच येत नाही, 'कोडु' मधला ओ आखूड असला तर 'दे' आणि लांब असला तर 'शिंग'. हे कागदावरून कळत नाही, समोरच्याच्या तोंडून दहादा ऐकावं लागतं. पेशंटच्या परवानगीशिवाय सरावासाठी त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करू नका, एवढं पाळा. अक्षरं नंतर शिका. बालभारती कन्नड माध्यमाचीही पुस्तकं काढते, पीडीएफ फुकट मिळते, पहिलीचंच घ्या आणि चौघी मिळून वाचा.

प्रश्न : माझं माहेर अथणीजवळ, लग्न होऊन सांगलीत आले. घरात सगळे मराठी. मला कळतं सगळं पण बोलताना 'तो वाटी' असं काहीतरी होतं आणि पोरं हसतात, आता शाळेच्या मीटिंगला पण जात नाही. हे पत्र पण शेजारणीकडून लिहून घेतलंय.
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : वहिनी, मीटिंगला जायचं, आधी ते. पोरांना बसवून नीट सांगा की आईला दोन भाषा येतात, तुम्हाला अजून एकच येते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला तो-ती नसतंच, सगळं नपुंसकलिंगी, त्यामुळं तुमचं जे होतंय ते होणारच. तो चमचा, ती वाटी, ते ताट असं शब्दाला जोडूनच पाठ करा, सुटा शब्द नकोच. आणि वरच्या पत्रातल्या सिस्टर वाचल्यात ना, त्यांना हवंय ते माणूस म्हणजे तुम्हीच. तुमच्या गल्लीत कन्नड शिकायचंय असं कोणीतरी असेल, व्यापारी, नर्स, कॉलेजची पोरगी. अर्धा तास तुम्ही त्यांना कन्नड द्या, अर्धा तास त्यांच्याकडून मराठी घ्या. दोघंही शिकणारे असले की कुणी कुणाला हसत नाही. फक्त घड्याळ लावून बसा, नाहीतर जी भाषा दोघांना सोपी तिच्यातच सगळा तास जातो.

प्रश्न : आम्ही तासगाव-विट्याकडची नर्सिंगची मुलंमुली जर्मन शिकतोय, बी2 पातळीची परीक्षा द्यायचीय. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साठ जण आहेत पण नुसत्या नोट्स आणि गुड मॉर्निंग. बोलत कोणीच नाही.

उत्तर : साठजणांत कोण बोलणार रे बाळांनो, लाज वाटतेच. ग्रुप नोट्सला राहू दे, बोलायला जोड्या पाडा, दर महिन्याला जोडी बदला. रोज एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज, आज वॉर्डात काय झालं ते जर्मनमध्ये, आणि जोडीदारानं त्यावर एक प्रश्न विचारायचाच. मुलींनी अनोळखी ऑनलाइन पार्टनरला नंबर, फोटो देऊ नये, ओळखीतल्याच जोड्या बऱ्या. असं जोडीनं बोलणं परीक्षेच्या पण कामाचं आहे. गोएथे या जर्मन संस्थेच्या बी2 परीक्षेला वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग असतात, त्यातल्या बोलण्याच्या भागात दुसऱ्या परीक्षार्थीबरोबर चर्चा करावी लागते, मुद्दा मांडायचा, समोरच्याचं खोडायचं. त्यामुळं जोडीत नुसतं हो ला हो करू नका, रोज एका तरी विषयावर भांडा, जर्मनमध्येच.