इस्रायल शिस्त, सक्तीची लष्करभरती आणि खंबीर नेता यांच्या जोरावर पुढे गेला ना? मग आपल्याकडे हे का आणत नाहीत?

नाही. ठाण्यातला माझा चुलतभाऊ गेली वीस वर्षं फोनवर मला हेच ऐकवतो, म्हणून तुमचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसले.

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. आमचं मूळ घर रेवदंड्याचं. पणजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा, म्हणून गावात आम्ही शनवार तेली. माझा जन्म माझगावचा. १९६२ मध्ये मी पाच वर्षांची असताना बाबांनी गिरणीतली नोकरी सोडली आणि आम्ही इथे इस्रायलला आलो, नेगेवच्या वाळवंटात, बीरशेबाच्याही पलीकडे. तिथे बाबांना पुन्हा कापडगिरणीतच काम मिळालं.

बाविशीतली आत्या आमच्यासोबत आली होती. त्याच गिरणीत मोरोक्कोहून आलेल्या एका मुलाशी तिचं जुळलं. इथे नोंदणी विवाह नाही, आजही नाही. ज्यू माणसाचं लग्न धर्मगुरूंच्या धर्मपीठाकडूनच लागतं. आजीच्या बहिणीनं मुंबईहून मेंदीचा डबा पाठवला. बाबा तारीख नक्की करायला धर्मपीठाच्या गावातल्या कचेरीत गेले, तर कारकुनानं विचारलं, मुलीच्या आईची आई कोण? तिची आई कोण? त्यांची लग्नं कुणी लावली? कागद दाखवा. मोरोक्कोच्या मुलाला यातलं काहीही विचारलं नाही. त्याच वर्षी धर्मपीठाचा आदेश निघाला होता, की बेने इस्रायलींचं लग्न इतर ज्यूंशी ठरलं तर त्यांच्या मागच्या पिढ्या तपासायच्या, जमेल तितक्या मागे जाऊन.

रेवदंड्याच्या घरात कसले कागद असणार? आमच्या आजीची जन्मतारीख म्हणजे 'मोठा पूर आला त्या साली'. बाबांनी गावी राहिलेल्या चुलत्यांना पत्र टाकलं. ते भर पावसात दफनभूमीत गेले, दगडांवरचं शेवाळ विळ्यानं खरवडलं आणि सहा नावं उतरवून घेतली. दोन दगडांवर हिब्रू अक्षरं होती, बाकीचं मराठी. ते एरोग्राम आजही माझ्याकडे आहे. निळ्या कागदावर बारीक अक्षरात सहा नावं, आणि खाली एक ओळ: 'सातवा दगड फुटला आहे, वाचता येत नाही.'

कारकुनानं तो कागद उलटसुलट पाहिला. ही कुठली भाषा, म्हणाला. भाषांतर करून, शिक्का मारून आणा. त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

१९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातले बेने इस्रायली जेरुसलेमला धरणं धरून बसले. बाबा बिनपगारी रजा टाकून गेले. एक दिवस मलाही नेलं होतं. फुटपाथवर चटया, नऊवारीतल्या दोन आज्या, कुणीतरी डब्यातून आणलेले पोहे. बाबांनी तो मेंदीचा डबा सोबत नेला होता, आतली मेंदी पिवळी पडत चाललेली. पत्रकारांना उघडून दाखवायचे. ऑगस्टमध्ये संसदेचं खास अधिवेशन बोलवावं लागलं. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारनं जाहीर केलं की बेने इस्रायली हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत. मग त्या आदेशातून आमच्या जमातीचं नाव काढलं गेलं.

नव्याचा सण (ज्यूंचं नवं वर्ष) आणि दारफाळणीचा सण (उपासाचा योम किप्पुर) झाल्यावर आत्याचं लग्न लागलं. दोन वर्षांच्या जुन्या मेंदीला रंगच चढेना. आईनं लवंगांची धुरी दिली, पुन्हा लावली, तरी तळहात फिकट पिवळेच राहिले. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला आजही नव्या नवरीचा हात हातात घेऊन रंग बघितल्याशिवाय राहवत नाही.

चुलतभाऊ म्हणतो, तुमच्याकडे माणसं वर बोलत नाहीत, हुकूम पाळतात. आमच्या बाबांनी हुकूम पाळला असता तर आत्याचं लग्न झालं नसतं. इथं जे काही चांगलं झालं ते वर बोलण्यामुळे झालं. १९५९ मध्ये हैफातल्या वादी सालिब वस्तीत मोरोक्कोचे ज्यू रस्त्यावर उतरले. १९७१ मध्ये जेरुसलेमच्या गरीब पोरांनी ब्लॅक पँथर नाव घेऊन आंदोलन केलं. १९७७ मध्ये याच लोकांच्या मतांवर मजूर पक्षाची जवळजवळ तीस वर्षांची सत्ता पालटली.

आणि खंबीर नेता? १२० जागांच्या संसदेत ६१ जागा आजवर एकाही पक्षाला निवडणुकीत एकट्याला मिळालेल्या नाहीत. पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनासुद्धा नाहीत. एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात आम्ही पाच वेळा मतदान केलं. लेखी राज्यघटना अजून झालेली नाही. तुमच्याकडे ती १९५० पासून आहे, आणि ती किती मोठी गोष्ट आहे हे मला २०२३ मध्ये न्यायालयांचे अधिकार कापायला निघालेल्या सरकारविरुद्ध दर शनिवारी चौकात उभी राहताना कळलं.

तंत्रज्ञानाचं म्हणाल तर ते लष्करी कवायतीतून उगवलं नाही. हैफाच्या तंत्रशिक्षण संस्थेत १९२४ मध्ये वर्ग सुरू झाले, हिब्रू विद्यापीठ १९२५ चं. देश नंतर झाला, प्रयोगशाळा आधी. १९८४ मध्ये इथे महागाई चारशे टक्क्यांच्या वर होती, पगार हातात पडला की त्याच दिवशी सामान भरायचो. त्यातून सावरलो, मग १९८९ नंतर सोव्हिएत संघातून दहा लाखांच्या आसपास माणसं आली. त्यात इंजिनिअर आणि डॉक्टर खच्चून भरलेले. १९९३ मध्ये सरकारनं योझ्मा नावाचा दहा कोटी डॉलरचा निधी काढला, त्यातला बहुतेक पैसा नव्या कंपन्यांना भांडवल देणाऱ्या खासगी निधींमध्ये घातला. म्हणजे शिकलेले निर्वासित आणि सरकारी पैसा.

मी स्वतः एकतीस वर्षं ठिबकच्या नळ्या तपासायच्या प्रयोगशाळेत होते. बोटाच्या पेरापेक्षा लहान ड्रिपर, त्यात पाण्याचा वेग मोडणारी नागमोडी वाट. आम्ही मुद्दाम गाळाचं पाणी सोडायचो आणि किती तासांनी तुंबतं ते मोजायचो. नोकरीला लागून दुसरं-तिसरं वर्ष असेल, मोठ्या साहेबांच्या आराखड्यावर मी 'हे कापसाच्या शेतात तुंबेल' असं लिहून दिलं. शाळा फक्त दहावीपर्यंत झालेली बाई मी. त्यांनी माझ्याशी दोन तास भांडून शेवटी साचा बदलला. हा गुण उचला. बाकी ठिबक तुम्ही कधीच उचललंय, जळगावच्या जैन इरिगेशननं तर इथली नानदान कंपनीच विकत घेतली.

आता लष्कराबद्दल. त्याचा काहीच वाटा नाही असं नाही. तिथल्या तांत्रिक तुकड्यांत विशीतली पोरं घडतात आणि बाहेर पडून कंपन्या काढतात, हे खरं. १९८७ मध्ये लावी लढाऊ विमानाचा प्रकल्प बंद झाला, त्यातले इंजिनिअरही बाहेर आले. पण 'सगळे भरती होतात' हे खोटं. येशिव्यात, म्हणजे धार्मिक पाठशाळेत, शिकणाऱ्या कर्मठ ज्यूंना दशकानुदशकं सूट होती, ती २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बेकायदा ठरवली. भांडण अजून चालू आहे. आणि गाझाच्या सीमेवरच्या ज्या कुंपणाच्या तंत्रज्ञानाची एवढी ख्याती होती ते ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात काही तासांत तुटलं. त्यानंतर गाझात हजारोंनी माणसं मेली. त्या सगळ्याला 'पुढे जाणं' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणखी एक गोष्ट मी आधीच लिहायला हवी होती. बाबा जेरुसलेमला बसू शकले, कारण ते ज्यू होते. त्या काळात देशातले बहुतेक अरब नागरिक लष्करी अमलाखाली होते, १९६६ पर्यंत; बरीच वर्षं त्यांना परगावी जायलाही परवाना लागायचा. १९४८ मध्ये सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी परागंदा झाले. त्यांच्या गावांसाठी कुणी खास अधिवेशन भरवलं नाही. आज दर पाच नागरिकांत एक अरब आहे. आमच्या दवाखान्यातला डॉक्टर आणि औषधं देणारी मुलगी, दोघंही.

गेल्या वर्षी माझ्या नातीचं लग्न सायप्रसला झालं. नवऱ्यामुलाची आई १९९१ मध्ये मॉस्कोहून आलेली, तिच्या आईचे कागद कचेरीला पुरेसे वाटले नाहीत. मेंदी आम्ही घरीच लावली, ताजी. आत्यानं दोन्ही हात उजेडात धरून बराच वेळ रंग बघितला.