हजेरीतलं नाव

प्रश्न: वर्गातली एक विद्यार्थिनी ट्रान्सजेंडर आहे, म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झाली तरी ती मुलगी आहे. हजेरीपटावर अजून मुलगाच आहे. 'मॅडम, मला नव्या नावाने हाक मारा,' असं तिने सांगितलं. कागदपत्रं बदलेपर्यंत काय करू?
— प्राध्यापिका, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर: पुढच्या तासापासूनच नव्या नावाने हाक मारा. हजेरीपट बदलायला कागद लागतात, हाक मारायला नाही. हजेरी रोल नंबरने घ्या, पण सगळ्यांचीच. तिच्या एकटीची घेतलीत तर माना तिच्याकडेच वळतील.

त्याआधी तिला एकटीला गाठून विचारा, 'घरी माहीत आहे का? फोन करावा लागला तर कोणतं नाव घेऊ?' हे न विचारण्याची चूक मी केली आहे. फीच्या कामासाठी एका घरी फोन लावला आणि सवयीने नवं नाव घेतलं. पलीकडे आवाजच बंद झाला. त्या रात्री त्या मुलीला काय काय ऐकावं लागलं, ते तिने आठवड्याने रडत सांगितलं. तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत, वर्गातलं नाव आणि घरी घ्यायचं नाव. वही कुलपात असते.

प्रश्न: आमच्या ऑफिसातले एक सहकारी स्वतःला स्त्रीही मानत नाहीत, पुरुषही. मराठीत क्रियापदातच लिंग येतं. बोलायचं कसं?

उत्तर: 'आलास', 'आलीस' इथे अडतं. 'तुम्ही कधी आलात?' इथे अडत नाही. 'त्यांनी फाइल पाठवली', 'त्यांना विचारा' हेही बिनधोक. गुजरातीत बोलताना 'तमे' आहेच. 'ते' म्हटलेलं काहींना रुचतं, काहींना नाही, तेव्हा त्यांनाच विचारा. चुकलात तर 'माफ करा' म्हणा, वाक्य सुधारा आणि पुढे बोला. हळहळत बसलात तर तुमची समजूत त्यांनाच काढावी लागते.

प्रश्न: मी ट्रान्सजेंडर आहे. हॉस्टेलमध्ये मी दिसले की सीनिअर चिडवायला टाळ्या वाजवतात. वॉर्डन म्हणतात, मनावर घेऊ नकोस.

उत्तर: मनावर घ्या, हे रॅगिंगच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये नियमांत दुरुस्ती केली. ट्रान्सजेंडर असण्यावरून किंवा लैंगिक कलावरून दिलेला त्रास त्यात रॅगिंग म्हणून स्पष्ट लिहिला आहे. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेत भेदभावाला बंदी आहे आणि प्रत्येक संस्थेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यांचं नाव कार्यालयात विचारा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. सोबत मैत्रीण किंवा विश्वासातले शिक्षक न्या. आज अर्ज लिहिण्याचं बळ नसेल, तर तारीख, जागा आणि कोण काय म्हणालं, एवढं तरी झोपण्याआधी टिपून ठेवा.