दहा पुस्तकं म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत

शिवकाळावर काम सुरू करताय, छान! मोडी येत नाही म्हणून अडून बसू नका, सुरुवात छापील पुस्तकांनीच होते. फक्त ही दुय्यम साधनं आहेत हे विसरू नका. म्हणजे लिहिणारा घटनेच्या वेळी तिथे नव्हता, त्यानेही कुणाचं तरी वाचूनच लिहिलंय.

नवखे हमखास फसतात ते मोजदादीत. शिवजन्माचंच बघा. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1826 साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात 1627 हे साल दिलं आणि पुढे कित्येकांनी तेच उचललं. टिळकांनी 1916 मध्ये जेधे शकावली (जेधे घराण्याकडची घटनांची सालवार नोंद) प्रसिद्ध केली, तीत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया निघाली, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. ‘शिवभारत’ या शिवकाळातल्याच संस्कृत काव्यानेही तिला दुजोरा दिला. तोवर 1627 सांगणारी पुस्तकं कितीही मोजली असती, तरी पुरावा वाढला नसता.

तेव्हा सध्या एवढंच करा:

- विधान आवडलं की आधी तळटीप बघा. तळटीपच नसेल तर वहीत प्रश्नचिन्ह.
- पुस्तक कोणत्या साली लिहिलंय ते टिपा. 1916 च्या आधीच्या लेखकाला शकावली ठाऊक नसेल तर त्यात त्याचा काय दोष?
- बखर जुनी दिसते म्हणून समकालीन समजू नका. सभासदाची 17 व्या शतकाच्या अखेरची, चिटणिसांची थेट 19 व्या शतकातली.

कादंबऱ्या खुशाल वाचा (मीही तिथूनच आलो), पण संदर्भात घालू नका. फारसी साधनं, कागदांची अस्सल-नक्कल पारख वगैरे आत्ता नको. आधी एकच प्रसंग घ्या आणि तो तीन पुस्तकांत ताडून बघा.