'लेफ्ट' म्हणजे डावा, मग 'द बोट हॅज लेफ्ट' याचा अर्थ काय?

तुमचा प्रश्न असा की, लेफ्ट म्हणजे डावा हे माहीत आहे, पण 'द बोट हॅज लेफ्ट' आणि 'टू सीट्स आर लेफ्ट' या वाक्यांत डावं काय आहे?

काहीच नाही. हे दोन निराळे शब्द आहेत, दिसतात तेवढे सारखे. डावा या अर्थाच्या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ 'दुबळा' असा होता. तुमच्या वाक्यांतला लेफ्ट हा 'लीव्ह' या क्रियापदाचं भूतकाळी रूप आहे: लीव्ह, लेफ्ट, लेफ्ट. आणि लीव्हचा मुळातला अर्थ मागे राहू देणं.

एवढं धरून ठेवलंत की बाकीचं आपोआप उलगडतं. 'आय लेफ्ट माय अम्ब्रेला इन द एसटी' म्हणजे छत्री एसटीत राहिली. 'शी लेफ्ट द की विथ आजी' म्हणजे चावी आजीकडे ठेवून गेली. धोपाव्याच्या धक्क्यावर तुम्ही पोचता आणि दाभोळची फेरीबोट खाडीत शिरलेली असते, तेव्हा धक्का मागे राहिलेला असतो: 'द बोट हॅज लेफ्ट', बोट सुटली. मराठीत आपण राहणं, ठेवणं, सुटणं असे वेगवेगळे शब्द वापरतो, इंग्रजीला एकच पुरतो.

खरी चूक होते ती पुढे. मी गुहागरात आठवी-नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. इथल्या कितीतरी घरांतले वडील मुंबईत नोकरीला. एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, 'आफ्टर गणपती, माय फादर लेफ्ट मुंबई.' तिला म्हणायचं होतं, बाबा मुंबईला गेले. वाक्याचा अर्थ झाला, बाबांनी मुंबई सोडली, म्हणजे नेमका उलटा! लेफ्टच्या लगेच पुढे येतं ते मागे राहिलेलं गाव. जायचं ठिकाण सांगायला 'फॉर' हवाच: 'लेफ्ट फॉर मुंबई'. दोन्ही सांगायची असतील तर 'लेफ्ट गुहागर फॉर मुंबई'. हा छोटा 'फॉर' मी मुलांकडून पुन्हापुन्हा म्हणवून घेते, कारण तो गळला तर व्याकरणात चूक दिसतच नाही, अर्थ मात्र फिरतो.

आता 'टू सीट्स आर लेफ्ट'. बाकीच्या भरल्या, दोन मागे राहिल्या, म्हणजे उरल्या. तसंच बाजारात 'ओन्ली वन सुरमई इज लेफ्ट'. उरण्याच्या अर्थाचा लेफ्ट नेहमी नामानंतर येतो. तो नामाआधी नेलात तर मात्र डावा हजर होतो: 'टू सीट्स लेफ्ट' म्हणजे उरलेल्या दोन जागा, 'टू लेफ्ट सीट्स' म्हणजे डावीकडच्या दोन.